जहाजाचे तांबे आणि मुंबईची गोदी

मुंबईच्या जहाजबांधणीचा इतिहास बहुधा सागवानाचा इतिहास म्हणून लिहिला जातो. 1736 साली लवजी नसरवानजी वाडिया सुरतेहून मुंबईस आले. 1750 साली येथील पहिली सुकी गोदी तयार झाली. 1810 साली नव्या डंकन गोदीतून ‘मिंडेन’ हे 74 तोफांचे जहाज पाण्यात उतरले. ह्या परंपरेचे श्रेय मलबारच्या लाकडास व वाडिया घराण्याच्या कसबास दिले जाते, आणि ते रास्तच आहे. परंतु त्या लाकडावर, पाण्याच्या रेषेखाली, तांब्याच्या पातळ पत्र्यांचे आवरण असे, आणि जहाज पुन्हा गोदीत केव्हा आणावयाचे हे पुष्कळदा त्या पत्र्यांच्या स्थितीवरून ठरे. ह्या बाजूकडे अभ्यासकांचे लक्ष फारसे गेलेले नाही.

उष्ण समुद्रात लाकूड पोखरणारे किडे हा जहाजाचा मोठा शत्रू. देशी गलबतांच्या तळास चुना व तेल यांचा लेप देत. इंग्रजी आरमाराने 1761 साली ‘अलार्म’ ह्या जहाजावर तांब्याचा प्रयोग केला. किडे दूर राहिले, पण पत्र्यांलगतचे लोखंडी खिळे झिजून गेले. जेथे तांबे व लोखंड यांच्यामध्ये वेष्टनाचा कागद चुकून राहिला होता, तेथील खिळे मात्र शाबूत होते! समुद्राच्या पाण्यात दोन धातूंचा संयोग झाला की हलक्या धातूचा बळी जातो, हे त्या कागदाने दाखविले. त्याची उपपत्ती पुढे अर्धशतकाने मिळाली.

तांबे स्वतः झिजत नाही असे नाही. घरातील भांडे आंबट पदार्थाने कळकते. खाऱ्या पाण्यात पत्र्यावर प्रथम तांबूस ऑक्साइडाचा आणि नंतर हिरवट क्लोराइडयुक्त क्षारांचा थर बसतो. हा थर सर्वत्र सारखा असेल तर झीज मंद असते. परंतु पत्रा लाटताना आत दबलेला ऑक्साइडचा कण, पृष्ठभागावरील चीर, चिकटलेला गाळ किंवा शिंपला अशा ठिकाणी थर तुटतो वा त्याखाली प्राणवायू पोहोचत नाही. मग तेवढाच बिंदू धनाग्र बनतो, भोवतालचा विस्तीर्ण पृष्ठभाग ऋणाग्राचे काम करतो, आणि सारा क्षय त्या बिंदूवर एकवटतो. वजनाने पत्रा जवळजवळ पुरा असतो, पण त्यास आरपार खळगे पडलेले असतात. किड्याला तेवढे दार पुरे होते.

सर हंफ्री डेव्ही यांनी 1824 साली रॉयल सोसायटीपुढे मांडलेला उपाय ह्याच विद्युत्-रासायनिक विचारातून आला: तांब्याला लोखंडाचा वा जस्ताचा लहान तुकडा जोडावा, म्हणजे झीज त्या तुकड्याची होईल. ह्या प्रयोगांतील ‘समरंग’ हे जहाज कोचीनला बांधलेले होते, आणि त्याचे तांबेही हिंदुस्थानातच बसविलेले होते. 1824 च्या वसंतात ते इंग्लंडच्या गोदीत आले तेव्हा त्याचा तळ गंज व समुद्री गवत यांनी भरला होता. त्याच्या तांब्याच्या क्षेत्रफळाच्या सुमारे एक-ऐंशीांश लोखंड त्याला जोडण्यात आले.

डेव्हींचे शास्त्र खरे ठरले. आरमाराला मात्र ते पचले नाही. संरक्षित तांबे झिजले नाही, म्हणून त्याचे विषारी क्षार पाण्यात उतरले नाहीत, आणि तळावर शिंपले व गवत माजले. जहाजाची गती मंदावली. अखेर समुद्रावर जाणाऱ्या जहाजांवरून हे रक्षक काढून टाकण्याचे हुकूम निघाले. तांब्याची किंमत त्याच्या झिजण्यातच होती. हवी होती ती सावकाश व एकसारखी झीज.

असा पत्रा कोणालाच हमखास मिळत नसल्यामुळे जहाजाचा तळ वेळोवेळी उघडा करून तपासणे अपरिहार्य होते. येथे मुंबईच्या बंदराचे महत्त्व आहे. येथील भरती-ओहोटीतील अंतर मोठे. भरतीबरोबर जहाज आत घ्यावे, दार लावून पाणी काढावे आणि फाटका पत्रा उपसून नवा ठोकावा, ही सोय निसर्गानेच दिली होती. ‘मिंडेन’, ‘कॉर्नवॉलिस’ (1813) व ‘त्रिंकोमाली’ (1817) ही नावे इतिहासात राहिली. डागडुजीसाठी आत आलेल्या जहाजांची नावे क्वचितच आठवली जातात, पण आरमाराच्या दृष्टीने गोदीचे मोल त्यांच्यावरही तितकेच अवलंबून होते.

1832 साली मंट्झ यांनी तांबे व जस्त यांच्या साठास चाळीस प्रमाणातील मिश्रधातूचे पेटंट घेतले आणि शुद्ध तांब्याचा पत्रा हळूहळू मागे पडला. ह्या स्वस्त धातूची खोड निराळी होती: त्यातील जस्त आधी विरघळे, आणि मागे तांब्याची सच्छिद्र, ठिसूळ जाळी उरे.