कयाकवरून गळ टाकायचाय? मग वल्हं घेताना घाई करू नका

सातारा आणि सांगली म्हटलं की पाणी आलंच. १०५.२५ टीएमसीचं कोयना धरण, त्यामागे तापोळा-बामणोलीपर्यंत पसरलेला शिवसागर, वाईजवळचं धोम, साताऱ्याजवळचं कण्हेर, शिराळ्यातलं चांदोली. आणि या सगळ्यांना जोडणारी कृष्णा. या पाण्यात पिढ्यान्‌पिढ्या मासेमारी चालते. कुणी लाकडी होडीतून जाळं टाकतं, कुणी ट्रकच्या ट्यूबवर बसून जातं. पुरात तर गुळाच्या काहिलीतून माणसं पलीकडे नेल्याच्या गोष्टी प्रत्येक नदीकाठच्या गावात ऐकायला मिळतात.

आता यात कयाकची भर पडली आहे. एका माणसाला उचलता येते, गाडीच्या टपावर बांधता येते, इंजिन नाही म्हणून आवाज नाही आणि पेट्रोलचा खर्चही नाही. त्यामुळे गळाने मासे पकडण्याची हौस असलेली मंडळी तिच्याकडे वळतायत.

पण गंमत अशी की सगळा विचार कयाकचा होतो आणि वल्हं ‘सोबत मिळालं ते’ घेतलं जातं. खरंतर कयाकला इंजिन, ब्रेक आणि स्टेअरिंग असं सगळं मिळून एकच गोष्ट असते, ती म्हणजे वल्हं. काठापासून अर्धा किलोमीटर आत ते मोडलं किंवा बुडालं, तर तुम्ही वाऱ्याच्या भरवशावर.

मासेमारीचं वल्हं वेगळं का असतं?

कयाकचं वल्हं म्हणजे मधे दांडा आणि दोन्ही टोकांना पातं. शर्यतीच्या कयाकला जोरात खेचणारं रुंद, आखूड पातं लागतं. मासेमारीत वेगाचं काम नसतं. सावकाश जायचं, थांबायचं, पुन्हा थोडं सरकायचं. म्हणून इथे लांबट आणि अरुंद पातं बरं. ते पाण्यात हलकं पडतं, खांदे दुखत नाहीत आणि आवाजही कमी होतो. रोहू, कटला किंवा मरळ उथळ पाण्यात असेल, तर आवाजाचा फरक पडतो.

दुसरं म्हणजे मासेमारी करणारा माणूस वल्ह्याला फक्त पाणी मारायला वापरत नाही. काठावरून कयाक ढकलायला, झुडपात अडकलेली दोरी सोडवायला, खडकापासून दूर राहायलाही तेच वापरतो. काही वल्ह्यांच्या पात्याला त्यासाठी खाच दिलेली असते. दांड्यावर मासा मोजायची पट्टीही छापलेली असते. या सोयी चांगल्याच, पण फक्त त्यांच्यासाठी जास्त पैसे मोजू नका. मार्कर पेनने पट्टी घरीही आखता येते.

लांबी किती घ्यायची?

सगळ्यात जास्त चूक इथे होते. आखूड वल्हं घेतलं की प्रत्येक वेळी वाकावं लागतं आणि हात कयाकच्या कडेला घासतात. जास्त लांब घेतलं की ते जड होतं आणि कयाकचं नाक डावी-उजवीकडे डुलत राहतं.

लांबी ठरते दोन गोष्टींवर, कयाकची रुंदी आणि तुमची बैठक. साधारण अंदाज असा:

- कयाक २८ इंचांपर्यंत रुंद असेल तर २२० ते २३० सेंटीमीटर
- २८ ते ३२ इंच असेल तर २३० ते २४० सेंटीमीटर
- ३२ इंचांपेक्षा रुंद असेल तर २४० ते २५० सेंटीमीटर

मासेमारीच्या बऱ्याच कयाक ३० इंचांच्या वरच असतात, शिवाय त्यात खुर्चीसारखी उंच बैठक असते. अशी बैठक असेल तर १० सेंटीमीटर वाढवा. उंची साडेपाच फुटांपेक्षा कमी असेल तर दिलेल्या मापातलं लहान माप घ्या. फुगवायची कयाकही रुंदच असते, त्यामुळे तिच्यासोबत आलेलं वल्हं एकदा मोजून बघा.

दांडा कशाचा?

बाजारात मुख्यतः तीन प्रकार मिळतात. किमती वर-खाली होतात, पण त्यांचा क्रम बदलत नाही.

ॲल्युमिनियम सगळ्यात स्वस्त. मजबूत असतो, पण जड. पूर्ण वल्हं एक किलोच्या पुढे जातं. हिवाळ्यात सकाळी हाताला गार लागतो आणि उन्हात तापतो. यावर गावठी उपाय म्हणजे क्रिकेट बॅटची रबरी ग्रिप चढवायची. हाताला काळं लागत नाही आणि पकडही सुटत नाही.

फायबरग्लास मधल्या किमतीचा. वल्हं एक किलोच्या आसपास किंवा त्याहून कमी भरतं, तापत नाही, गंजत नाही.

कार्बन फायबर सगळ्यात हलका आणि महाग. ॲल्युमिनियमच्या कितीतरी पट पैसे जातात. शिवाय दगडावर आपटला तर तडा जाण्याची भीती असते.

वजनाचा एवढा बाऊ कशाला? हिशोब करा. मिनिटाला ३० हात मारले तर तासाला १,८०० होतात. वल्ह्यात ३०० ग्रॅमचा फरक असेल तर तासाभरात तो ५४० किलोपर्यंत जातो. प्रत्येक हाताला पूर्ण वल्हं उचललं जात नाही हे खरं, पण तीन तासांनी परत येताना खांद्याला तो फरक कळतोच. आणि परत येतानाच बहुतेक वेळा वारा समोरून असतो.

पातं कशाचं?

कोयना असो की धोम, काठाला काळा कातळ आहे. उन्हाळ्यात पाणी उतरलं की बुडालेल्या झाडांचे बुंधे वर येतात. म्हणजे पातं आपटणार हे धरूनच चाला.

साधं प्लास्टिक, म्हणजे पॉलिप्रॉपिलिन, स्वस्त असतं. ते पटकन फुटत नाही, पण वाकतं. वाकलं की तुमची ताकद वाया जाते. उन्हात पडून राहिलं तर काही हंगामांत ठिसूळही होतं.

काच तंतू मिसळलेलं नायलॉन थोडं महाग, पण ताठ आणि दणकट. कातळाला घासलं तरी ओरखडे पडतात, तुकडे नाही.

फायबरग्लास आणि कार्बनची पाती हलकी असतात, पण त्यांच्या कडा दगडावर उडतात.

थोडक्यात, फायबरग्लासचा दांडा आणि काच तंतूच्या नायलॉनचं पातं ही जोडी किंमत आणि टिकाऊपणा यांचा मेळ घालते. बजेट अगदीच कमी असेल तर ॲल्युमिनियमचा दांडा घ्या, पण पातं नायलॉनचंच बघा.

दुकानात काय तपासायचं?

१. दोन तुकडे जोडा आणि जोरात हलवा. जोडात खडखड आली तर सोडून द्या. ती खडखड वाढतच जाते.

२. जोडाचं बटण दहा-वीस वेळा दाबून बघा. स्प्रिंग आत अडकत असेल तर घेऊ नका. सुटं बटण मिळतं का, तेही विचारा.

३. पातं जमिनीवर टेकवून हलका भार द्या. थोडं वाकणं ठीक, दुमडणं नाही.

४. दोन्ही हातांच्या पुढे रबरी चकत्या आहेत का बघा. वल्ह्यावरून ओघळणारं पाणी त्या अडवतात, नाहीतर मांडी भिजलीच.

५. घरी आणल्यावर शेततळ्यात किंवा हौदात टाकून बघा. ॲल्युमिनियमच्या नळीची टोकं नीट बंद नसतील तर पाणी आत शिरतं आणि वल्हं बुडतं. हे धरणात कळण्यापेक्षा हौदात कळलेलं बरं.

सुताराकडून करून घेतलं तर?

चालतं. बांबूचा सरळ, वाळलेला दांडा आणि पाण्याला टिकणाऱ्या प्लायवूडचं पातं, वर वॉर्निशचे दोन-तीन हात. हलकं होतं आणि बुडत नाही. बांबूची टोकं आणि पात्याच्या कडा नीट बंद करायच्या, कारण कुजायला सुरुवात तिथूनच होते. पण असं वल्हं दुय्यम म्हणून ठेवा. कयाकवर दुसरं वल्हं असणं ही चैन नाही.

टिकवायचं कसं?

नदीचा गाळ हा जोडाचा शत्रू. परत आल्यावर दोन्ही तुकडे सोडवा, साध्या पाण्याने धुवा आणि वेगवेगळे सावलीत वाळवा. जोडाला ग्रीस लावू नका, वाळू चिकटून तो कायमचा बसतो. धरणाच्या संथ पाण्यात वल्हं आखूड दोरीने कयाकला बांधा, मनगटाला नाही. वाहत्या नदीत मात्र कुठलीच लोंबती दोरी नको, कयाक उलटली तर पाय अडकतो.

वल्ह्याच्याही आधी हे बघा

सांगली जिल्ह्यात कृष्णेच्या भिलवडी, औदुंबर ते सांगली या पट्ट्यात मगरींचा वावर आहे आणि माणसांवर हल्लेही झाले आहेत. कयाकमध्ये माणूस पाण्याला अगदी लागून बसतो. त्यामुळे हा पट्टा कयाक मासेमारीसाठी नाहीच.

कोयना अभयारण्य आणि चांदोली राष्ट्रीय उद्यान मिळून २०१० मध्ये सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला. तिथे परवानगीशिवाय शिरणं गुन्हा आहे. धरणाच्या भिंतीजवळही जाता येत नाही. बाकी तलावांत मासेमारीचा ठेका अनेकदा स्थानिक मच्छीमार सहकारी संस्थेकडे असतो. त्यांचं पोट त्यावर आहे, म्हणून आधी विचारा, मगच गळ टाका.

आणि लाइफ जॅकेट. ८ ऑगस्ट २०१९ रोजी महापुरात पलूस तालुक्यातल्या ब्रह्मनाळला माणसांना बाहेर काढणारी होडी उलटली आणि अनेकांचे जीव गेले. कृष्णाकाठ ते विसरलेला नाही. पोहता येतं, पाणी ओळखीचं आहे, या दोन्ही गोष्टी जॅकेटची जागा घेऊ शकत नाहीत.

म्हणून पैसे कमी असतील तर क्रम असा ठेवा: आधी मापाचं लाइफ जॅकेट, मग बरं वल्हं, मग दुसरं साधं वल्हं. भारी गळ आणि रीळ पुढच्या हंगामात घेतले तरी चालतात.