फोर-बाय-फोर रूपांतर (पिकअपचे)

फोर-बाय-फोर रूपांतर : फक्त मागच्या चाकांवर चालणारी पिकअप दुसऱ्या, बहुधा मोडीत निघालेल्या फोर-बाय-फोर गाडीचे भाग बसवून चारही चाकांवर चालती करण्याचे काम. इंजिनाला यात सहसा हात लागत नाही. बदलतो तो गाडीखालचा सगळा संसार. गिअरबॉक्सच्या मागे, ओढ पुढच्या आणि मागच्या ॲक्सलांत वाटणारी ट्रान्सफर केस येते. पुढे नुसती चाके धरून बसलेला ॲक्सल निघतो आणि त्या जागी क्राऊन-पिनियन, म्हणजे शाफ्टची ओढ चाकांकडे वळवणारी दातेरी जोडी, असलेला ॲक्सल बसतो. या दोहोंना जोडणारा पुढचा प्रोपेलर शाफ्ट लागतो. पुष्कळदा मागचा ॲक्सलही बदलावा लागतो. ज्या गाडीतून हे सामान काढतात तिला या नोंदीत ‘भागांची गाडी’ म्हटले आहे. हौशी मालक पहिला प्रश्न विचारतो तो इंजिन ओढेल का हा. काम मात्र अडते ते क्राऊन-पिनियनच्या दातांवर आणि आरसी बुकावर.

रायगड जिल्ह्यात ही कल्पना कोणाच्या डोक्यात येते, हे पेण आणि रोहा तालुक्यांची जमीन पाहिली की कळते. पेणच्या पश्चिमेला धरमतर खाडीच्या अंगाला खारेपाट आहे. भातशेती खाऱ्या पाण्यापासून राखणारे मातीचे बांध हेच तिथले रस्ते, आणि पावसाळ्यात त्या चिकणमातीवर माणूससुद्धा जपून चालतो. रोह्याकडे कुंडलिकेचे खोरे सोडून डोंगराच्या अंगाने वर गेले की वाड्यांचे कच्चे चढ लागतात. पहिल्या सरीनंतर त्यांची लाल माती साबणासारखी होते. मासे, बर्फ, विटा, पेंढा, भाताची पोती हे सगळे आता पिकअपमधून जाते. अशा चढावर रिकामी पिकअप भरलेल्या पिकअपपेक्षा लवकर हात टेकते, कारण इंजिनाचे वजन पुढे असते आणि ओढ मागे. मागचा हौदा रिकामा असला की फिरणाऱ्या चाकांवर भारच नसतो. पुढच्या चाकांना ओढ दिली की ते वजन कामी येते. एवढाच या खटाटोपाचा खरा लाभ.

मात्र प्रत्येक अडचणीला हा उपाय नव्हे. पेण तालुक्यातल्या हमरापूर-जोह्याचे गणपती आषाढ-श्रावणात पिकअपमधून महामार्गाला लागतात, तेव्हा मूर्तीला धक्का देतो तो खड्डा. तिथे कमानपाटे आणि टायरमधली हवा पाहावी, ट्रान्सफर केस नव्हे. बांधाच्या कडेवरून गाडी आडवी घसरते तीही चार चाकांनी थांबत नाही. उलट चारही चाकांना ओढ असली की चालक जाऊ नये तितका पुढे जातो, आणि मग ट्रॅक्टरही तितकाच पुढे न्यावा लागतो.

हे काम आपल्याकडे सोपे वाटते त्याला इतिहास आहे. महिंद्र कंपनीने १९४७ पासून विलिस जीपचे सुटे भाग आणले आणि मग मुंबईत माझगावला जीप जोडायला सुरुवात केली. पुढे सीजे-३बी ही जीप आणि तिच्या वंशातल्या गाड्या कित्येक दशके निघत राहिल्या. त्यात फोर-बाय-फोर गाड्या होत्या, तशाच त्याच घराण्यातल्या, शिडीसारख्या चासीच्या, मागच्या चाकांवर चालणाऱ्या लांब गाड्याही होत्या. कमांडर आणि मार्शल या नावांनी त्या कोकणात वडापला, म्हणजे माणशी भाडे घेणाऱ्या वाहतुकीला, धावल्या. एका गाडीचा ॲक्सल दुसरीला बसवणे त्या पिढीच्या मिस्त्रींना नवे नव्हते. कंपनीच्या बोलेरो पिकअपखालीही शिडीचीच चासी आहे. त्यामुळे ‘खाली जीपच आहे, बसेल’ असे सहज बोलले जाते. काही अंशी ते खरेही आहे. पण चासीचा प्रकार जुळला म्हणून मापे जुळतीलच असे नाही.

भागांची गाडी निवडताना पहिला मोह मारुती जिप्सीचा होतो. तिची ट्रान्सफर केस गिअरबॉक्सला चिकटलेली नसते. मध्ये एक आखूड शाफ्ट असतो. ती केस सुटी काढून दुसऱ्या चासीवर हवी तिथे टांगता येते, म्हणून अशा प्रयोगात तिचे नाव हटकून निघते. पण जिप्सी ही सुमारे एक टन वजनाची पेट्रोल गाडी. जिप्सी किंगच्या इंजिनाचा टॉर्क १०३ न्यूटन-मीटर. अडीच लिटरच्या डिझेल पिकअपचा टॉर्क त्याच्या जवळजवळ दुप्पट. पहिल्या गिअरमध्ये तो आणखी चौपटीच्या आसपास होऊन ट्रान्सफर केसवर येतो, आणि हौद्यात सव्वा टनाहून जास्त माल असतो. मोकळ्या मैदानात ही केस टिकल्यासारखी वाटते. भरल्या गाडीने चढावर पहिला टाकला की तिचे दात बोलू लागतात. जुन्या जीपचा ॲक्सल दणकट, पण त्याचे ब्रेक त्या काळच्या वेगाचे. उत्तम भागांची गाडी म्हणजे पिकअपच्याच कुळातली, कंपनीने फोर-बाय-फोर म्हणून काढलेली बोलेरो किंवा कॅम्पर. ती पूर्ण मिळावी. मुंबईत कुर्ल्याच्या जुन्या भागांच्या बाजारातून आज ॲक्सल, महिन्याने केस, मग कुठून तरी शाफ्ट, असे जमवलेले सामान एकमेकांशी क्वचितच बोलते. पूर्ण गाडी घेतली की ब्रॅकेट, नळ्या, लिव्हर, स्पीडोमीटरचा गिअर अशा किरकोळ वस्तूही हाती येतात, आणि या कामात दिवस खातात त्या याच.

क्राऊन-पिनियनचे गणित या सगळ्याच्या मुळाशी आहे. पुढच्या आणि मागच्या ॲक्सलचे गुणोत्तर एकच हवे. विलिस घराण्यातच दोन जोड्या सापडतात : युद्धकाळातल्या जीपला क्राऊनचे ३९ आणि पिनियनचे ८ दात, म्हणजे ४.८८, नंतरच्या नागरी जीपला ४३ आणि ८, म्हणजे ५.३८. बाहेरून दोन्ही ॲक्सल सारखेच दिसतात. चुकून पुढे एक आणि मागे दुसरा बसला तर काय होते? प्रोपेलर शाफ्टच्या शंभर फेऱ्यांत एका ॲक्सलची चाके साडेवीस वेळा फिरतात, दुसऱ्याची साडेअठराच्या थोडी वर. टायरचा घेर सव्वादोन मीटरच्या आसपास धरला तर पंचेचाळीस-सेहेचाळीस मीटरच्या चालीत चार मीटरांहून जास्त तफावत पडते. हे चार मीटर कुणाला तरी घसरून भरून काढावे लागतात. चिखलात टायर घसरतो आणि काही कळत नाही. डांबरावर टायर धरून ठेवतो, मग ताण शाफ्टच्या क्रॉसवर, केसच्या साखळीवर किंवा दातांवर जातो आणि त्यांतला जो कच्चा तो तुटतो.

ॲक्सल उघडायची सोय नसेल तर गुणोत्तर बाहेरूनही मोजता येते. गाडी न्यूट्रलला ठेवून, उरलेल्या चाकांना उटी लावून, मागचे एकच चाक जॅकवर उचलावे. दुसरे जमिनीवरच राहू द्यावे. उचललेल्या चाकावर आणि प्रोपेलर शाफ्टवर खडूची खूण करावी. चाक हाताने बरोबर दोन फेरे फिरवावे आणि शाफ्टची खूण किती वेळा वर आली ते मोजावे. एक चाक अडलेले असले की डिफरन्शिअल दुसऱ्याचे फेरे निम्मे करून क्राऊनला देतो. म्हणून चाकाच्या दोन फेऱ्यांत शाफ्टचे जितके फेरे तेच गुणोत्तर. पाचाला थोडे कमी की पाचाच्या पुढे, हे डोळ्यांना दिसते. डिफरन्शिअल साधा असेल तरच ही रीत चालते, लॉकवाल्याला नाही. केस अजून बसलेली नसताना पुढच्या ॲक्सललाही हीच परीक्षा द्यावी. चारही टायर एका मापाचे आणि सारख्याच झिजेचे असावेत, हे याच गणिताचे पोटकलम.

गुणोत्तर जुळले तरी कोरड्या डांबरावर पुढची ओढ लावू नये. या केसमध्ये मधला डिफरन्शिअल नसतो. वळणावर पुढची चाके मागच्यांपेक्षा लांबचा घेर घेतात आणि तो फरक सोडवायला जागा राहत नाही. स्टिअरिंग जड होते, लिव्हर अडकतो. पेण ते रोहा रस्त्याने कोरड्यात हौसेने फोर-बाय-फोरमध्ये गेलेल्या गाडीचा लिव्हर मुक्कामाला सुटत नाही तो यामुळे. थोडे मागे घेतले की सुटतो.

बसवण्याच्या कामात गिअरबॉक्स आधी येतो. मागच्याच चाकांवर चालणाऱ्या गाडीच्या गिअरबॉक्सचा मागचा शाफ्ट लांब असतो आणि त्यावर शेपटासारखी हाउसिंग असते. केस थेट जोडायची तर हा शाफ्ट आखूड हवा. म्हणून एक तर आतला मेन शाफ्ट बदलायचा, किंवा भागांच्या गाडीचा अख्खा गिअरबॉक्स केससकट घ्यायचा. दुसरा मार्ग महाग दिसतो, पण लेथवरच्या जुगाडापेक्षा पुढे स्वस्त पडतो. जुन्या विलिस पद्धतीच्या केसची मागची ओढही मधोमध नसून उजव्या अंगाला असते, आणि त्या जीपच्या मागच्या ॲक्सलचा गोळाही (डिफरन्शिअलचा फुगीर भाग) तिकडेच सरकलेला. पिकअपच्या मागच्या ॲक्सलचा गोळा मधोमध असेल तर ही केस त्याच्याशी जमत नाही. शाफ्ट तिरका चालतो आणि क्रॉस वरचेवर जातात. मग मागचा ॲक्सल बदलणे ओघाने आलेच.

पुढच्या ॲक्सलचा गोळाही एका अंगाला असतो, तो इंजिनाच्या सम्पला चुकवण्यासाठी. उभ्या गाडीत तो मोकळा दिसतो. खड्ड्यात पाटे पूर्ण दबतात तेव्हा वर येऊन सम्पला ठोकतो. म्हणून जागा मोजायची ती पाटे दाबून. मूळ पिकअपला पुढे सरळ ॲक्सल आणि पाटे असतील तर यू-बोल्ट आणि पाट्यांची बैठक यांवर निभावते. स्वतंत्र सस्पेन्शन असेल तर चासीच कापावी लागते, आणि तिथे शहाण्याने थांबावे. शाफ्ट आखूड केला की बॅलन्स करून घ्यावा आणि त्याची दोन्ही टोके एका रेषेत वेल्ड करावीत. थोडी फिरली तरी गाडी एका ठरावीक वेगाला थरथरते. जुन्या जीपचा हॅण्डब्रेक ट्रान्सफर केसच्या मागच्या ड्रमवर असे. त्या केसबरोबर पिकअपच्या मागच्या चाकांचा हॅण्डब्रेक जोडायचा राहून गेला, तर ते उतारावर उभी केल्यावरच लक्षात येते. जीपच्या चाकांना १३९.७ मिलिमीटर व्यासाच्या वर्तुळावर पाच बोल्ट असतात. पिकअपच्या चाकांशी ते पडताळल्याशिवाय जुना ॲक्सल उचलून आणू नये.

खारेपाटात एक जास्तीचे पथ्य आहे. गरम ॲक्सल पाण्यात शिरला की आतली हवा आकसते आणि सीलमधून पाणी ओढले जाते. ब्रीदरची नळी उंच नेऊन बांधली तर हे टळते. ऑइल दुधाळ दिसले की पाणी गेलेच. बदलण्यात दिरंगाई केली तर बेअरिंग जातात. खाऱ्या पाण्यातून आलेली गाडी त्याच दिवशी खालून गोड्या पाण्याने धुवावी, विशेषतः वेल्ड केलेल्या जागा, कारण गंज तिथून धरतो.

आता आरसी बुक. पेण आणि रोहा या दोन्ही तालुक्यांतल्या गाड्यांची नोंदणी पेणच्या परिवहन कार्यालयात, एमएच-०६ क्रमांकाने होते. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे उत्पादकाने दिलेल्या तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल मालकाला गाडीत करता येत नाही. गाडीच्या मूळ वैशिष्ट्यात फरक पाडणारा रचनेतला बदल, अशी बदलाची व्याख्या तिथेच दिली आहे. केरळातून आलेल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हा अर्थ आणखी घट्ट केला. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने बदललेल्या कलम १८२-अ नुसार अशा प्रत्येक बदलाला पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकते. सीएनजी संचासारख्या बदलांना कायद्यात वाट आहे. घरगुती फोर-बाय-फोरला नाही. कंपनीला नवा प्रकार काढायचा तर पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्थेकडून त्याची चाचणी करून घ्यावी लागते, आणि एकट्या गाडीच्या मालकाला ते परवडणारे नाही. मालवाहू पिकअपला फिटनेससाठी ठरावीक मुदतीने हजर राहावेच लागते, तेव्हा खालचा ॲक्सल लपत नाही. अपघात झाला तर विमा कंपनीच्या हाती आयते कारण पडते. भागांच्या गाडीचीही कागदपत्रे हवीत : गाडी कायमची निकामी झाली की कलम ५५ प्रमाणे मालकाने चौदा दिवसांत कळवून नोंदणी रद्द करायची असते. तो कागद आणि खरेदीची पावती नसेल तर चोरीच्या मालाचा संशय नव्या मालकावर येतो.

म्हणून हे रूपांतर व्यवहारात खासगी आवाराबाहेर न जाणाऱ्या गाडीपुरते उरते. रस्त्यावर चालवायची तर कंपनीचीच फोर-बाय-फोर पिकअप किंवा कॅम्पर जुनी का होईना शोधावी. भागांची गाडी, लेथ, वेल्डिंग आणि महिनाभराचा बुडालेला धंदा धरला तर फरक फारसा उरत नाही. तेवढेही नको असेल तर मागे खोल नक्षीचे टायर आणि रिकाम्या फेरीत हौद्याच्या मागच्या भागात वाळूची चार पोती, एवढ्यावर रोह्याच्या बऱ्याच वाड्यांचे चढ चढता येतात.