स्पर्शानें पाहणारें सूक्ष्मदर्शक

रात्रीं दिवा गेला असतां आगपेटी शोधतांना आपण डोळ्यांनीं पाहत नाहीं, बोटांनीं पाहतों. ज्या यंत्राची हकीकत मी आज सांगणार आहें, त्याची सारी युक्ति ह्या चांचपडण्यांतच आहे.

सन १९३१ मध्यें बर्लिन येथें रुस्का व नोल यांनीं विद्युत्कणांच्या झोतानें वस्तूची प्रतिमा वाढवून दाखविली. पुढें त्या यंत्रानें सूक्ष्म सृष्टीचें दारच उघडलें. पण आंत शिरण्याचें मोल जबर होतें. यंत्रांतील पोकळी निर्वात. तेव्हां पेशी रसायनांत घट्ट करावयाची, सुकवावयाची, आणि मग तिच्या प्रेताचें चित्र घ्यावयाचें! साध्या सूक्ष्मदर्शकाखालीं पेशी जिवंत राही खरी, परंतु मिलिमीटरच्या पांचहजाराव्या भागाहून बारीक तपशील एकमेकांत मिसळून जात.

ह्या पेचांतून वाट निघाली ती १९८६ सालीं. बिनिग, क्वेट व गेर्बर यांनीं सोन्याच्या पातळ पट्टीच्या टोंकास हिरकणी बसविली, ती वस्तूवरून फिरविली, आणि पट्टी किती वांकते तें मोजून पृष्ठभागाचे उंचसखल भाग रेखाटले. येथें प्रकाश नको, निर्वात पोकळी नको. पाण्यांतहि काम चालतें. १९८९ मध्यें कॅलिफोर्नियांत हान्समा व त्यांचे सहकारी यांनीं रक्त गोठतांना होणारे फायब्रिनचे धागे पाण्यांतच जुळत असतांना टिपले.

जिवंत पेशी मात्र हट्टी निघाली. ती इतकी मऊ कीं सुईचें टोंक टेकतांच तिचें आवरण दबतें, आणि पातळ फडक्याखालच्या सुतळ्या बोटास लागाव्या तसे आंतील ताठ तंतु चित्रांत उमटतात. १९९२ सालीं मेंदूंतील ग्लिया पेशींचे असेच ॲक्टिन-तंतु, पेशी जिवंत असतांना, हालचाल करतांना दिसले. पाहावयास गेले पृष्ठभाग, आणि हातीं लागला सांगाडा! माझ्या मतें ह्या शास्त्राचा सर्वांत फलदायी दोष तो हाच. कारण पेशी किती दबते हेंच मग मोजमापाचें साधन झालें. १९९९ मध्यें पोलंडमधील संशोधकांना मूत्राशयाच्या कर्करोगी पेशी निरोगी पेशींहून मऊ आढळल्या.

एक अडचण उरली होती ती वेगाची. एका चित्रास कित्येक मिनिटें लागत, आणि जीव कांहीं तितका वेळ स्थिर बसत नाहीं. जपानांतील कानाझावा येथें आंदो यांनीं वर्षानुवर्षें खपून यंत्राचा वेग वाढविला. २०१० सालीं त्यांच्या गटानें मायोसिन नांवाचा रेणु ॲक्टिनच्या तंतूवरून चालतांना चलच्चित्रांत दाखविला. त्याचें एकेक पाऊल सुमारें ३६ नॅनोमीटरांचें होतें.