खाटेजवळची सोनोग्राफी: आधी पुतळ्यावर, मग रुग्णावर

इंदूरचे महाराजा यशवंतराव रुग्णालय, शहराच्या बोलीत 'एमवाय', महात्मा गांधी स्मृती वैद्यकीय महाविद्यालयाला जोडलेले आहे. महाविद्यालय 1948 चे असले तरी त्याची मुळे 1878 मध्ये सुरू झालेल्या वैद्यकीय शाळेपर्यंत जातात. माळवा-निमाडातील अपघातग्रस्त येथे आणले जातात. इंदूर असो वा आपले बांबोळी, अशा रुग्णालयाच्या अपघात विभागात डॉक्टरांपुढे पहिला प्रश्न बहुधा एकच असतो: पोटात रक्तस्राव होत आहे का? रक्तदाब घसरलेल्या रुग्णाला सीटी स्कॅनसाठी हलवणे धोक्याचे असते. खाटेजवळ आणलेले सोनोग्राफी यंत्र त्याच जागी उत्तर देऊ शकते.

'फास्ट' नावाच्या या तपासणीत चार जागा पाहतात: यकृत व उजवे मूत्रपिंड यांमधील फट, प्लीहेभोवतीचा भाग, ओटीपोट आणि हृदयावरण. साचलेले रक्त पडद्यावर काळे दिसते. परंतु पोटातील रक्त सुमारे 200 मिलिलीटरहून कमी असेल तर ते अनेकदा दिसतच नाही. प्रोब दोन बोटे इकडेतिकडे धरला गेला तर असलेले रक्तही निसटते, आणि 'पोट स्वच्छ आहे' असे समजून शस्त्रक्रियेला विलंब होतो. क्ष-किरणतज्ज्ञाच्या सविस्तर अहवालाची जागा ही तपासणी घेत नाही. तिच्याकडून केवळ 'आहे की नाही' एवढेच उत्तर अपेक्षित असते.

मानेतील मोठ्या शिरेत नळी घालताना चुकीचा धोका अधिक थेट असतो. शीर आणि रोहिणी शेजारीशेजारी असतात. प्रोबने दाबल्यावर शीर चपटी होते, रोहिणी मात्र स्पंदत राहते. हे ओळखणे तसे सोपे. अवघड असते ते सुईचे टोक. सुई प्रोबला आडवी गेली तर पडद्यावर एक चकाकता ठिपका दिसतो. तो टोकाचा की मधल्या भागाचा, हे नवख्याला कळत नाही. तो थांबतो तेव्हा टोक शिरेची मागची भिंत भेदून रोहिणीपर्यंत पोहोचलेले असू शकते.

ही चूक पहिल्यांदा जिवंत माणसावर होऊ नये, यासाठी सिम्युलेशनचा मार्ग आहे. संगणकीय पुतळ्याच्या प्रोबमधून बहुधा ध्वनिलहरी निघतच नाहीत. संवेदक त्याची जागा व कोन टिपतात आणि पडद्यावर त्यानुसार चित्र उमटते. शिकवणारा रक्तस्राव हवा तेव्हा 'घडवू' शकतो. सुईच्या सरावासाठी मात्र खरे यंत्र आणि जिलेटिनचा ठोकळा लागतो. त्यात पाण्याने भरलेली रबरी नळी ठेवली की शीर तयार! खर्च किरकोळ, फक्त ठोकळा फ्रीजमध्ये ठेवावा लागतो आणि सुईने पडलेल्या हवेच्या रेघा साचत गेल्या की तो बदलावा लागतो.

भारतात या सरावाला कायद्याचीही एक बाजू आहे. गर्भलिंगनिदान रोखण्यासाठी केलेल्या 1994 च्या कायद्यान्वये, 2003 च्या दुरुस्तीनंतर, गर्भाचे लिंग ओळखू शकणारे प्रत्येक यंत्र नोंदणीकृत जागीच असावे लागते. सहज उचलून नेता येणाऱ्या यंत्रांवर तर आणखी निर्बंध आहेत. हे निर्बंध अनावश्यक नाहीत. स्त्रीभ्रूणहत्येचा इतिहास त्यामागे आहे. पण त्यामुळे परदेशांप्रमाणे विद्यार्थ्याच्या हाती खिशातले यंत्र देऊन 'सराव कर' असे म्हणता येत नाही, आणि म्हणून ध्वनिलहरी न सोडणाऱ्या पुतळ्याचे मोल येथे वाढते. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या 2020 च्या नियमांनी वैद्यकीय महाविद्यालयांना कौशल्य प्रयोगशाळा बंधनकारक केली आहे. तेथे सोनोग्राफीच्या सरावाला किती तास मिळतात, हे मात्र त्या त्या महाविद्यालयावर अवलंबून राहते.

पुतळ्यालाही मर्यादा आहेत. त्याच्या आतड्यात वायू नसतो, त्वचेखाली चरबीचे जाड थर नसतात, तो वेदनेने कुशीवर वळत नाही. म्हणून अमेरिकेतील आपत्कालीन वैद्यांच्या महाविद्यालयाची मार्गदर्शक तत्त्वे प्रत्येक प्रकारच्या तपासणीसाठी 25 ते 50 प्रत्यक्ष तपासण्या, आणि त्याही जाणकाराने पडताळलेल्या, मागतात. त्यासाठी चित्रफिती जपून ठेवाव्या लागतात. दिवसाअखेरीस वरिष्ठ त्या पाहतात, आणि निसटलेली काळी रेघ बोट ठेवून दाखवतात.