अडीच गुंठ्यांचे वेळापत्रक

परसबागेचा आराखडा म्हटला की आपल्या डोळ्यांसमोर वाफे येतात. इथे वांगी, तिथे मेथी, कुंपणावर दोडका. दुसऱ्या महायुद्धातील ब्रिटनचा अनुभव पाहता मला वाटते, की परसबाग जमिनीवर आखण्याआधी पंचांगात आखावी लागते.

युद्धापूर्वी ब्रिटन आपल्या अन्नापैकी निम्म्याहून अधिक बाहेरून आणत असे. कांद्यासारखी साधी वस्तूही बहुतांशी परदेशी होती. १९४० च्या उन्हाळ्यात ब्रिटनीचा किनारा आणि चॅनेल बेटे जर्मनांच्या हाती गेली आणि कांदा दुर्मीळ झाला. परंतु तयारी आधीच सुरू झाली होती. ऑक्टोबर १९३९ मध्ये शेतीमंत्री रेजिनाल्ड डॉर्मन-स्मिथ यांनी रेडिओवरून लोकांना घरोघरी भाजी पिकवण्याचे आवाहन केले. ही मोहीम ‘डिग फॉर व्हिक्टरी’, म्हणजे ‘विजयासाठी खणा’, या नावाने गाजली.

मोहिमेच्या पहिल्या क्रमांकाच्या पत्रकात ९० फूट लांब आणि ३० फूट रुंद तुकड्याचा नमुना होता. हे क्षेत्र दहा चौरस रॉड, म्हणजे आपल्या हिशेबाने अडीच गुंठे. त्याचे तीन भाग केलेले होते : एकात बटाटा आणि कंदमुळे, दुसऱ्यात वाटाणा, घेवडा, कांदा वगैरे, तिसऱ्यात हिवाळ्यातील व वसंतातील कोबीवर्गीय भाज्या. दरवर्षी भागांची फेरपालट करायची, म्हणजे जमिनीचा कस टिकतो आणि एका पिकाची रोगराई त्याच जागी मुरत नाही. सोबतच्या तक्त्यात प्रत्येक पिकाची पेरणी, ओळींमधील अंतर आणि ते ताटात येण्याचा काळ दिला होता.

माझ्या दृष्टीने हा शेवटचा रकानाच सर्वांत महत्त्वाचा. उन्हाळ्यात भाजी कोणीही पिकवतो. सगळी सॅलडची पाने एकदम तयार होऊन वाया जातात आणि हिवाळ्यानंतर, नवे पीक हाती येण्यापूर्वी, टोपली रिकामी राहते. म्हणून आखणी उलट दिशेने करायची : मार्च-एप्रिलमध्ये काय खाणार हे आधी ठरवायचे आणि त्याची पेरणी आदल्या वसंतात करायची. आपल्याकडे महिने बदलतील, पावसाळा आणि कडक उन्हाळा हिशेबात धरावे लागतील, पण रीत तीच राहील.

मात्र केवळ पत्रकाने भाजी उगवत नाही. मागणी असल्यास नागरिकांना भाजीसाठी भाड्याने तुकडे द्यावेत, अशी जबाबदारी १९०८ च्या कायद्याने स्थानिक संस्थांवर टाकलेली होती. युद्धात पडीक जागा ताब्यात घेण्याचे अधिकारही त्यांना मिळाले. लंडनच्या टॉवरभोवतालच्या कोरड्या खंदकातही भाजी लावली गेली. इंग्लंड व वेल्समधील अशा तुकड्यांची संख्या सुमारे आठ लाखांवरून १९४३ पर्यंत सुमारे चौदा लाखांवर गेली.

या कथेचा एक धागा आपल्याकडे येतो. हेच डॉर्मन-स्मिथ १९४१ मध्ये ब्रह्मदेशाचे गव्हर्नर झाले. पुढच्याच वर्षी जपानी सैन्यापुढे त्यांना तो देश सोडून सिमल्याला यावे लागले. तिथला तांदूळ बंद झाला. युद्धकालीन महागाई, साठेबाजी आणि सरकारची धोरणे यांची त्यात भर पडली आणि १९४३ मध्ये बंगालमध्ये २० ते ३० लाख माणसे दगावली. मेलेल्यांमध्ये भूमिहीन मजूर आणि कोळी यांची संख्या मोठी होती. ‘अधिक धान्य पिकवा’ ही हाक युद्धकाळात भारतातही दिली गेली. पण ज्याच्याकडे पिकवायला काहीच नव्हते, त्याने ती ऐकून करायचे काय?

एकाच साम्राज्यात, एकाच काळात, लंडनच्या कामगाराला सल्ल्याबरोबर जमीनही मिळत होती. बंगालच्या मजुराला केवळ सल्ला. म्हणूनच घरच्या भाजीचा इतिहास मला छंदाचा इतिहास वाटत नाही. अडीच गुंठ्यांचे वेळापत्रक कितीही नेटके असो, ते अडीच गुंठे कोणाच्या हाती आहेत, हा प्रश्न पहिल्या वाफ्याच्या आधी विचारावा लागतो.