आजोबांच्या गाडीचे नवे सारथी

अमरावती/अकोला : वऱ्हाडात जुन्या गाडीला मरण येते ते बहुधा रस्त्यावर नव्हे, अंगणात. घरातील कर्ता माणूस जातो, गाडीची किल्ली देव्हाऱ्याशेजारच्या फळीवर पडून राहते. दोन उन्हाळ्यांत टायर बसतात, सीटमध्ये उंदीर घर करतात आणि एके दिवशी भंगारवाला किलोच्या भावाने तिचे मोल करून जातो. आता मात्र या टप्प्यावर काही घरांत नातू आडवा येऊ लागला आहे. पंचविशी-तिशीतला हा तरुण नवी गाडी हप्त्यावर सहज घेऊ शकतो. तरीही त्याला हवी असते ती आजोबांची 'फियाट', काकांची 'मारुती ८००' किंवा मळ्यावर गंजत पडलेली जीप. ही ओढ कशातून येते आणि ती निभावताना काय पणाला लागते, हे समजून घेण्यासारखे आहे.

मोजकी नावे, मोठा काळ

आजच्या तरुणांना भुरळ घालणाऱ्या गाड्यांची यादी फार लांब नाही. कारण एकेकाळी देशात मिळणाऱ्या गाड्याच मोजक्या होत्या. सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या मुंबईतील कुर्ला येथील कारखान्यातून १९६४ पासून 'फियाट ११०० डिलाइट' बाहेर पडू लागली. सत्तरच्या दशकात तिला 'प्रीमियर पद्मिनी' हे नाव मिळाले, पण वऱ्हाडी माणसाच्या तोंडी ती अखेरपर्यंत 'फियाट'च राहिली. १०८९ सीसीचे इंजिन आणि स्टेअरिंगच्या दांड्यावरचा गिअर ही तिची ओळख.

इंग्लंडच्या 'मॉरिस ऑक्सफर्ड'वर बेतलेली 'अ‍ॅम्बेसेडर' पन्नासच्या दशकाच्या अखेरीस आली. विभागीय आयुक्तालय असलेल्या अमरावतीसारख्या शहरात पांढरी अ‍ॅम्बेसेडर म्हणजे साक्षात सरकार! मे २०१४ मध्ये उत्तरपाडा येथील कारखाना थांबला आणि हे पर्व संपले. १४ डिसेंबर १९८३ रोजी पहिल्या 'मारुती ८००'ची किल्ली तत्कालीन पंतप्रधान इंदिरा गांधी यांच्या हस्ते देण्यात आली. तिचे उत्पादन जानेवारी २०१४ मध्ये बंद झाले. एकाच वर्षात, काही महिन्यांच्या अंतराने, या दोन्ही गाड्या इतिहासजमा झाल्या. मुंबईतही ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस शेवटच्या काळ्या-पिवळ्या पद्मिनी टॅक्सीची मुदत संपली. गाडी दिसेनाशी झाली की तिची किंमत कळू लागते, याचा अनुभव त्या वेळी अनेकांनी घेतला.

ओढ कशाची?

पहिले कारण अर्थातच घरातल्या आठवणींचे. शेगावची वारी, चिखलदऱ्याची सहल, लग्नाची वरात, दवाखान्याची मध्यरात्रीची धावपळ अशा कुटुंबाच्या कितीतरी प्रसंगांना ती गाडी साक्षी असते. गाडी राखणे म्हणजे त्या माणसांना राखणे, अशी ही भावना आहे.

दुसरे कारण यंत्राशी असलेल्या नात्याचे. नव्या गाडीचे बोनेट उघडले तर प्लास्टिकच्या झाकणाखाली काही दिसत नाही. बिघाड शोधायला संगणक लागतो. पद्मिनीचे किंवा जीपचे बोनेट उघडले की कार्बोरेटर, डिस्ट्रिब्युटर, पेट्रोल पंप, डायनॅमो असे सारे डोळ्यांसमोर असते. पॉइंट घासणे, प्लग साफ करणे, चोक ओढून थंड इंजिन सुरू करणे हे हाताने शिकता येते. दिवसभर पडद्यासमोर बसून काम करणाऱ्या पिढीला हाताला ग्रीस लागण्याचे हे समाधान मोलाचे वाटते.

तिसरे कारण वेगळेपणाचे. नव्या गाड्या एकमेकींसारख्या दिसतात. राजकमल चौकातून जाणारी जुनी फियाट मात्र दहा माणसे वळून पाहतात. त्यात रस्त्यांनीही साथ दिली आहे. राष्ट्रीय महामार्ग ५३ च्या अमरावती-अकोला टप्प्यावर जून २०२२ मध्ये ७५ किलोमीटर लांबीच्या एका मार्गिकेचे डांबरीकरण १०५ तास ३३ मिनिटांत सलग पूर्ण करण्यात आले आणि त्याची नोंद गिनेस बुकात झाली. जिथे जुन्या गाडीचे हाड न् हाड खिळखिळे होत असे, त्या वाटेवर रविवारी सकाळी ती निवांत धावू शकते.

ना नवी, ना 'विंटेज'

खरी अडचण सुरू होते ती कागदपत्रांपासून. कायद्याच्या लेखी प्रत्येक जुनी गाडी 'विंटेज' नसते. केंद्र सरकारने जुलै २०२१ मध्ये केलेल्या नियमांनुसार पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षे उलटलेली आणि मूळ स्वरूपात जपलेली दुचाकी किंवा चारचाकीच 'विंटेज' ठरते. तिला 'व्हीए' ही अक्षरे असलेला स्वतंत्र क्रमांक मिळतो. नोंदणीचे शुल्क २० हजार रुपये, मुदत १० वर्षे आणि पुनर्नोंदणीचे शुल्क ५ हजार रुपये. मात्र अशी गाडी रोजच्या वापरासाठी किंवा व्यवसायासाठी चालवता येत नाही. प्रदर्शन, रॅली, संशोधन, इंधन भरणे आणि देखभाल एवढ्यासाठीच ती रस्त्यावर आणता येते.

तरुणांच्या मनातील बहुतेक गाड्या या चौकटीत अजून बसतच नाहीत. १९८३ ची पहिली मारुतीही २०३३ च्या डिसेंबरपर्यंत पन्नाशी गाठणार नाही. तोवर तिला साध्या जुन्या गाडीचेच नियम लागू राहतात. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते. त्यानंतर आर.टी.ओ.कडे गाडी तपासून दर पाच वर्षांनी नूतनीकरण करावे लागते व पर्यावरण कर भरावा लागतो. एप्रिल २०२२ पासून मोटारीच्या नूतनीकरणाचे शुल्क ५ हजार रुपये झाले. ऑगस्ट २०२५ मध्ये वीस वर्षांवरील मोटारींसाठी ते १० हजार रुपये करण्यात आले. मुदत उलटून गेल्यास विलंब शुल्क वेगळे. दहा वर्षांची डिझेल आणि पंधरा वर्षांची पेट्रोल गाडी बंद, हा वाद दिल्ली व राजधानी क्षेत्रापुरता आहे. विदर्भात योग्य अवस्थेतील खासगी गाडी केवळ वयामुळे बाद होत नाही, हे ठाऊक नसल्याने अनेक चांगल्या गाड्या घाबरून भंगारात दिल्या जातात.

वारसाहक्काने आलेल्या गाडीचा आणखी एक पेच असतो. मालकाच्या निधनानंतर ३० दिवसांत आर.टी.ओ.ला कळवावे आणि तीन महिन्यांत 'नमुना ३१' भरून गाडी वारसाच्या नावावर करून घ्यावी, असा नियम आहे. दुःखाच्या दिवसांत हे राहून जाते. पुढे वारस वाढतात, कुणी पुण्याला, कुणी परदेशात जातो आणि एका सहीसाठी गाडी वर्षानुवर्षे अडकून पडते. विकत घ्यायची असेल तर 'नमुना २९' व '३०' लागतात. मध्य प्रदेशातून आणायची असेल तर तेथील ना हरकत प्रमाणपत्र आणि इथला कर. आर.सी. बुकातील चेसिस व इंजिन क्रमांक गाडीवरील क्रमांकांशी जुळतात का, हे रंग-पॉलिशच्या आधी पाहावे. १ एप्रिल २०१९ पूर्वीच्या गाड्यांनाही उच्च सुरक्षा नंबरप्लेट बंधनकारक आहे.

वऱ्हाडचे ऊन आणि नवे पेट्रोल

अकोल्याचा पारा मे महिन्यात पंचेचाळीस अंशांपुढे जातो, तेव्हा जुन्या गाडीची खरी परीक्षा असते. इंजिनाजवळच्या नळीतले पेट्रोल उष्णतेने वाफ होते, पंपाला ती वाफ ओढता येत नाही आणि गाडी भररस्त्यात थांबते. यालाच 'व्हेपर लॉक' म्हणतात. पंपावर ओले फडके ठेवून अर्धा तास सावलीत थांबायचे, हा जुन्या चालकांचा उपाय आजही लागू पडतो. रेडिएटर साफ ठेवणे हे त्याहून महत्त्वाचे.

शिसेयुक्त पेट्रोल देशात २००० साली बंद झाले आणि आता पंपावर २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल मिळते. इथेनॉल पाणी धरते, जुन्या रबरी नळ्या व गॅस्केट त्याने खराब होऊ शकतात. त्यामुळे नव्या प्रतीच्या नळ्या बसवणे आणि टाकीत पेट्रोल महिनोन्‌महिने पडू न देणे श्रेयस्कर. चिखलदऱ्याचा घाट उतरताना चारही चाकांना ड्रम ब्रेक असलेल्या गाडीने चढताना घातलेल्याच गिअरमध्ये उतरावे. अनेक जुन्या गाड्यांत सीटबेल्टही नाहीत, एअरबॅग तर दूरच. प्रेम कितीही असले, तरी वेगाचा मोह इथे परवडणारा नाही.

मिस्त्री गेला की गाडी गेली

सुटे भाग शोधता येतात; हात शोधता येत नाहीत. कानाने इंजिनाचा ठोका ओळखणारा, हातोडीने मडगार्डला मूळ गोलाई देणारा मिस्त्री आता साठीच्या पुढे गेला आहे आणि त्याच्या मुलाने बहुधा दुसरा व्यवसाय धरला आहे. गाडी विकत घ्यायला पैसे फारसे लागत नाहीत. ती उभी करायला मात्र खरेदीच्या कितीतरी पट लागतात, आणि त्यातला मोठा वाटा या कसबाचा असतो. तरुण मालकांपैकी जे शनिवारी गॅरेजमध्ये जाऊन मिस्त्रीच्या शेजारी बसतात, पाना हातात घेतात, त्यांचीच गाडी पुढे टिकते.

म्हणून अंगणातली गाडी वाचवायची असेल तर रंगाच्या डब्यापासून सुरुवात करू नये. आधी कागद नावावर करावेत, मग मिस्त्रीकडून शिकून घ्यावे. पन्नाशी गाठेपर्यंत त्या गाडीला कायद्याचे कौतुक मिळणार नाही. ती तिथवर पोहोचेल की नाही, हे किल्ली हाती घेणाऱ्या नातवावरच अवलंबून आहे.