झिरो, ऑफसेट आणि अलार्म

सीएनसी यंत्रावर काम सुरू करण्यापूर्वी यंत्राला दोन गोष्टी कळाव्या लागतात: जॉब कुठे बांधला आहे आणि टूलचे टोक कुठे आहे. पार्ट प्रोग्रामात आकडे असतात, पण ते आकडे टेबलावरच्या नेमक्या कोणत्या बिंदूपासून मोजायचे हे त्यात नसते. तो बिंदू ठरवणे, म्हणजे कारखान्याच्या भाषेत झिरो घेणे, आणि पहिला जॉब मापात आणणे हे सेटरचे काम. हाताने चालवायच्या लेथवर हे काम वेगळे काढता येत नसे. टर्नर टूल जॉबला टेकवी, डायल शून्यावर आणी आणि तिथून कापत जाई. यंत्रे आकड्यांवर चालू लागली तेव्हा मोजणारा आणि कापणारा वेगळे झाले, आणि त्या फटीत सेटिंग नावाचा स्वतंत्र धंदा उभा राहिला. नियंत्रणाच्या प्रत्येक नव्या पिढीने कापण्याबाबतचा निर्णय कारागिराकडून काढून कार्यालयाकडे नेण्याचा थोडाबहुत प्रयत्न केला. सेटिंगच्या वाटेने तो दर वेळी यंत्रापाशी परत आला.

आकड्यांवर चालणाऱ्या यंत्रांची सुरुवात झाली अमेरिकेच्या मिशिगन राज्यातील ट्रॅव्हर्स सिटी या लहान गावात. तिथे जॉन पार्सन्स यांचा कारखाना हेलिकॉप्टरची पाती बनवत असे. पात्याचा वक्र आकार तपासण्यासाठी लागणारे साचे अचूक हवे होते आणि हाताने आखलेल्या वक्रावर तेवढा भरवसा ठेवता येत नव्हता. त्यांचे सहकारी फ्रँक स्ट्युलन यांनी १९४०च्या दशकाच्या उत्तरार्धात आयबीएमची पंचकार्डावर चालणारी गणनयंत्रे वापरून त्या वक्रावरील बिंदूंचे आकडे काढले. मग मिलिंग यंत्रावर एक माणूस आकडे वाचून दाखवी, दुसरा एका अक्षाचे हातचाक फिरवी आणि तिसरा दुसऱ्या अक्षाचे. बिंदूगणिक कटर खाली उतरे, आणि मधे उरलेले उंचवटे नंतर घासून काढत. हातचाकांवरची माणसे काढून तिथे मोटारी बसवाव्यात ही कल्पना यातूनच आली.

अमेरिकन हवाई दलाने १९४९ साली या कल्पनेला पैसा दिला. मोटारींचे नियंत्रण जमवण्यासाठी पार्सन्स एमआयटीच्या सर्व्होमेकॅनिझम्स प्रयोगशाळेकडे गेले आणि प्रकल्प हळूहळू त्या प्रयोगशाळेचाच झाला. १९५२ साली तिथे सिनसिनाटी कंपनीचे एक हायड्रो-टेल मिलिंग यंत्र छिद्रांच्या कागदी टेपवरून तिन्ही अक्षांत एकाच वेळी चालवून दाखवण्यात आले. नियंत्रणासाठी व्हॅक्यूम ट्यूब आणि रिले यांनी भरलेली कपाटे लागली, आणि ती यंत्रापेक्षा जास्त जागा खात होती. पार्सन्स आणि स्ट्युलन यांना पेटंट मिळाले ते १९५८ साली.

याच काळात दुसरा एक रस्ता उपलब्ध होता. जनरल इलेक्ट्रिकने अशी पद्धत तयार केली होती की कुशल कारागीर एक जॉब स्वतः करी, त्याच्या हालचाली चुंबकीय टेपवर नोंदल्या जात आणि पुढचे जॉब यंत्र त्या टेपवरून करी. इतिहासकार डेव्हिड नोबल यांनी १९८४च्या ‘फोर्सेस ऑफ प्रॉडक्शन’ या ग्रंथात या दोन रस्त्यांची तुलना केली. आकड्यांचा रस्ता जिंकला त्यामागे केवळ तांत्रिक कारणे नव्हती, कारागिराच्या हातातले नियंत्रण काढून घेण्याची व्यवस्थापनाची ओढही होती, असे त्यांचे म्हणणे. विमानांचे गुंतागुंतीचे वक्र हालचाली नोंदवून जमले नसते, हा प्रतिवादही खरा आहे. पण सेटिंगच्या इतिहासाकडे पाहताना नोबल यांचा मुद्दा सोडून चालत नाही, कारण टेपच्या युगातला सेटर नेमका त्याच ओढीच्या कचाट्यात सापडला होता.

टेप एक इंच रुंद आणि आठ ओळींची असे, आणि दर इंचाला दहा अक्षरे बसत. ती कार्यालयात फ्लेक्सोरायटरसारख्या टंकयंत्रावर छिद्रे पाडून तयार होई आणि यंत्रापाशी येई तेव्हा तिच्यात फेरफार करण्याची सोय नसे. सोबत सेटिंगचा कागद येई: फिक्स्चर टेबलावर कुठे बसवायचे, कोणते टूल किती लांबीचे, फेरा कुठून सुरू करायचा. टूलरूममध्ये टूलची लांबी मोजपट्टीला लावून आधीच जुळवून ठेवावी लागे, कारण टेपला एकच लांबी ठाऊक असे. कटरला धार लावली की त्याचा व्यास घटतो. घटलेल्या व्यासाची भरपाई यंत्राला करता येत नव्हती तोवर जुन्या टेपवर माप चुके, आणि नवी टेप मागवावी लागे. सेटरच्या हातात उरे ते फीड कमीजास्त करण्याचे बटण. कटर कण्हू लागला, कास्टिंगमध्ये कठीण ठिपका आला, की अनुभवी माणूस कानाने ओळखून फीड उतरवी. पुढे पॅनेलवर छोटी अंकचक्रे आली आणि टूलची लांबी त्यांवर भरता येऊ लागली. आजच्या ऑफसेट पानाचे हे पहिले रूप.

टेपचे बिघाडही तिच्या स्वभावाचेच होते. अमेरिकी ईआयए संकेतात प्रत्येक अक्षराची छिद्रे विषम संख्येत असत, तर आयएसओ संकेतात सम संख्येत. एखादे छिद्र तेलाने बुजले किंवा कडा फाटून जादा छिद्र दिसले, की ही मोजणी चुके आणि यंत्र पॅरिटीचा अलार्म देऊन थांबे. एका संकेताची टेप दुसऱ्यावर लावलेल्या यंत्रात घातली तर पहिल्याच अक्षराला तोच अलार्म येई. दोन छिद्रे एकदम बुजली तर मात्र मोजणी जुळत असे आणि चूक पकडली जात नसे. म्हणून टेप वाचणाऱ्या दिव्याची काच पुसणे हा रोजचा नेम होता आणि जास्त चालणारी टेप कागदाऐवजी मायलारची करत. आजचा सेटर अलार्मचा क्रमांक पाहून पुस्तक उघडतो. तेव्हाचा तंत्रज्ञ टेप उजेडासमोर धरून छिद्रे वाचत असे.

प्रोग्राम लिहिण्याचा भारही मोठा होता. एमआयटीत डग्लस रॉस यांच्या गटाने त्यासाठी एपीटी ही भाषा घडवली. १९५९ साली ती लोकांसमोर मांडताना तिच्या जोरावर कापलेले ॲल्युमिनियमचे ॲशट्रे पाहुण्यांना देण्यात आले. त्याच सुमारास कर्नी अँड ट्रेकर कंपनीने स्वतः टूल बदलणारे मशीनिंग सेंटर बाजारात आणले. सेटरच्या दृष्टीने ही दुसरी घटना जास्त मोलाची, कारण एका जॉबसाठी अनेक टूल, प्रत्येकाची लांबी वेगळी आणि एका टूलची चूक म्हणजे पुढच्या सगळ्या कटांची चूक, हा हिशेब तिथून सुरू झाला.

जपानमध्ये फुजित्सू कंपनीत सेइउएमोन इनाबा यांच्या गटाने १९५६ साली देशाच्या खासगी क्षेत्रातले आकड्यांवर चालणारे पहिले नियंत्रण तयार केले आणि १९५९ साली विद्युत-हायड्रॉलिक पल्स मोटार बनवली. एक पल्स म्हणजे एक पाऊल. जागा मोजून परत सांगणारी यंत्रणा नसल्याने ती स्वस्त आणि सोपी होती, पण पाऊल चुकले तरी नियंत्रणाला पत्ता लागत नसे, जॉब मोजल्यावरच कळे. हा विभाग १९७२ साली फॅनुक या नावाने वेगळा झाला. १९७३च्या तेलसंकटानंतर हायड्रॉलिकचा खर्च डोळ्यांत भरू लागला आणि कंपनीने अमेरिकेतील गेटिस कंपनीकडून डीसी सर्व्हो मोटारींचे तंत्र घेतले. आता मोटारीचा एन्कोडर क्षणोक्षणी जागा कळवू लागला. सांगितलेली जागा आणि गाठलेली जागा यांत ठरलेल्या मर्यादेपेक्षा जास्त अंतर पडले की यंत्र आपणहून थांबे. बिघाड शोधण्याच्या दृष्टीने हा इतिहासातला सर्वांत मोठा बदल मानावा लागतो. त्याच्याबरोबर नवी दुखणीही आली: कार्बन ब्रश झिजणे, ब्रशची पूड साचणे, कूलंट मोटारीत झिरपणे. एसी सर्व्हो मोटारींनी १९८०च्या दशकात ब्रशचा हा व्याप संपवला.

दरम्यान १९७०च्या दशकात मायक्रोप्रोसेसर आला आणि प्रोग्राम टेपवरून यंत्राच्या स्मृतीत गेला. सेटरसाठी यातून तीन गोष्टी बदलल्या. प्रोग्रामातली ओळ यंत्रापाशी दुरुस्त करता येऊ लागली. जी ५४ ते जी ५९ अशी जॉबची सहा शून्ये नोंदवून ठेवता येऊ लागली, त्यामुळे एका टेबलावर अनेक फिक्स्चर बांधणे सोपे झाले. आणि इन्सर्ट झिजून माप दोन-तीन शतांश मिलिमीटरने वाढले तर ऑफसेटमध्ये तेवढा आकडा घालून पुढचा जॉब मापात आणता येऊ लागला. यामाझाकी माझाक कंपनीने १९८१ साली माझाट्रोल हे नियंत्रण आणले. त्यात पडद्यावरच्या प्रश्नांना उत्तरे देत प्रोग्राम यंत्रापाशीच तयार होई. कार्यालयाने उचलून नेलेले काम असे पुन्हा शॉपवर आले.

झिरोच्या इतिहासात सर्वांत रंजक जागा आहे ती यंत्राच्या स्वतःच्या शून्याची. बरीच वर्षे वीज गेली की यंत्र आपली जागा विसरे, आणि चालू केल्यावर प्रत्येक अक्ष आधी संदर्भबिंदूवर न्यावा लागे. स्लाइडवरचा डॉग, म्हणजे स्विच दाबणारा उंचवटा, स्विचवर आला की वेग मंदावतो. डॉग सुटल्यानंतर एन्कोडरची फेरीतून एकदाच येणारी खूण जिथे मिळते तिथे शून्य धरले जाते. डॉग अशा ठिकाणी बसला असेल की तो सुटण्याची वेळ आणि खुणेची वेळ जवळजवळ एकच आहे, तर कधी ही खूण पकडली जाते, कधी पुढच्या फेरीची. बॉलस्क्रूचा पिच दहा मिलिमीटर असेल आणि मोटार थेट जोडलेली असेल तर शून्य नेमके दहा मिलिमीटरने सरकते. त्यामुळे जाणकार माणूस आधी चूक किती ते मोजतो. पूर्ण पिचची चूक असेल तर डॉग तपासायचा: तो ढिला आहे का, स्विचखाली बर अडकला आहे का. चूक दर वेळी वेगळी येत असेल तर संशय कपलिंगवर किंवा एन्कोडरवर. बॅटरीवर स्मृती टिकवणारे ॲब्सोल्यूट एन्कोडर आल्यावर रोज होमिंग करण्याची गरज उरली नाही, पण बॅटरी संपली की शून्य गेले. ती बदलताना नियंत्रणाची वीज चालू ठेवावी लागते, आणि सुटीत यंत्र बंद असताना घाईने बॅटरी बदलणाऱ्याला यंत्राचे शून्य नव्याने बसवावे लागते.

यंत्राची भूमिती तपासण्याची परंपरा नियंत्रणापेक्षा जुनी आहे. बर्लिनचे प्राध्यापक गेओर्ग श्लेसिंगर यांनी १९२७ साली यंत्रांच्या स्वीकृतीच्या चाचण्या पुस्तकरूपात मांडल्या; स्पिंडलमध्ये मँड्रेल धरून डायल लावण्याच्या रीती आजही बहुतांशी त्याच आहेत. पण त्या चाचण्या उभ्या यंत्राच्या. चालत्या यंत्राची परीक्षा अमेरिकेतील लॉरेन्स लिव्हरमोर प्रयोगशाळेचे जेम्स ब्रायन यांनी सोपी केली. त्यांनी १९८२ साली मांडलेल्या बॉलबारमध्ये दोन गोळ्यांमधला दांडा यंत्राने काढलेल्या वर्तुळाची त्रिज्या सतत मोजतो. अक्ष दिशा बदलतात तिथे पायरी दिसली तर बॅकलॅश. वर्तुळ तिरपे लंबगोल झाले आणि उलट दिशेने फिरवल्यावर लंबगोलाचा कल बदलला, तर दोन अक्षांचे सर्व्हो एका तालात नाहीत. कल तोच राहिला तर अक्ष एकमेकांना काटकोनात नाहीत. एका कागदावरच्या आकृतीतून सर्व्होचा माणूस बोलवायचा की फिटर, एवढा निर्णय होतो. त्याआधी या एका प्रश्नावर पाळ्यांच्या पाळ्या वाया जात.

मोजण्याच्या दुसऱ्या साधनाचा उगम कॉनकॉर्ड विमानाशी जोडलेला आहे. रोल्स-रॉइसमध्ये त्या विमानाच्या ऑलिम्पस इंजिनाच्या इंधननळ्या न वाकवता मोजायच्या होत्या, त्यासाठी डेव्हिड मॅकमर्ट्री यांनी स्पर्श होताच संकेत देणारा प्रोब बनवला आणि १९७३ साली रेनिशॉ कंपनी सुरू झाली. हाच प्रोब पुढे स्पिंडलमध्ये बसला आणि यंत्र जॉबला टेकून झिरो स्वतः घेऊ लागले. प्रोबचे टोक स्पिंडलच्या मध्यावर नसेल, किंवा जॉबवर बर चिकटला असेल, तर यंत्र चुकीचा झिरोही तेवढ्याच विश्वासाने घेते.

भारतात बेंगळुरूची एचएमटी १९५३ साली सुरू झाली आणि १९६२ साली त्याच शहरात केंद्रीय यंत्र-अवजार संशोधन संस्था उभी राहिली. पण सीएनसी लहान कारखान्यांत पसरले ते मुख्यतः १९९१ नंतर. भोसरी, चिंचवड, वाळूज, सातपूर, अंबड, शिरोली, गोकुळ शिरगाव या वसाहतींत वाहन उद्योगाला सुटे भाग पुरवणाऱ्यांनी सीएनसी लेथ घेतले, अनेकदा वापरलेले. कोल्हापूरच्या फाउंड्रीतून येणाऱ्या कास्टिंगवर वाळूचा कण राहिला तर इन्सर्टची धार पहिल्याच कटात जाते, म्हणून तिथल्या सेटरला लोखंडाबरोबर ओतकामही कळावे लागते. इथल्या बिघाडांना विजेचा आणि हवेचा संदर्भ आहे. विजेचा दाब चढला-उतरला की ड्राइव्ह अलार्म देतात. भारनियमनाच्या वर्षांत कट चालू असतानाच वीज जाई, टूल जॉबमध्ये अडके आणि पुन्हा सुरू करण्यापूर्वी ते हाताने सोडवावे लागे. स्टॅबिलायझर, आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर आणि स्वतंत्र अर्थिंग यांनी यातले बरेच दुखणे कमी होते. पॅनेल तापते म्हणून दार उघडे ठेवून समोर पंखा लावण्याची सवय मात्र घातक: कूलंटची वाफ आणि धातूची धूळ थेट कार्डांवर बसते, आणि पावसाळ्याच्या दमटपणात तीच धूळ वीज वाहू लागते. पंख्याची जाळी साफ ठेवणे आणि दार बंद ठेवणे एवढ्याने अनेक कार्डांचे आयुष्य वाढते.

स्मृती आली तशी तिच्यावर पहारा ठेवणारी किल्लीही पॅनेलवर आली. ती बंद असली की प्रोग्राम वाचता येतो, बदलता येत नाही. मोठ्या कारखान्यात ती सुपरवायझरकडे असते आणि सेटरला ऑफसेटपुरती मुभा मिळते. बॅकलॅश, संदर्भबिंदू, अक्षांच्या मर्यादा ठरवणारे पॅरामीटर मेंटेनन्सच्या हाती राहतात. लहान वर्कशॉपमध्ये झिरो घेणारा, प्रोग्राम सुधारणारा आणि अलार्म पाहून पॅनेल उघडणारा माणूस बहुधा एकच असतो, आणि किल्ली दिवसभर कुलपातच लावलेली असते. नव्या नियंत्रणांत हीच वाटणी पासवर्डच्या पायऱ्यांनी केली जाते.